इंडेक्सर वाचतोय, जरा थांबा

सर्च बॉक्समध्ये दोन अक्षरं टाकली की फाईल समोर यावी एवढीच माझी अपेक्षा. त्यासाठी कॉम्प्युटरला आधी सगळ्या फाईली वाचून कुठला शब्द कुठे आहे याची यादी करून ठेवावी लागते, तिला इंडेक्स म्हणतात, इथवर मान्य आहे. २००५ साली ॲपलने मॅकमध्ये स्पॉटलाइट आणलं तेव्हापासून ही चैन सगळ्यांनाच हवी झाली. माझ्या लिनक्सवरही अशी यादी करणारा एक इंडेक्सर आहे, नाव नको सांगायला, फुकट दिलंय बिचाऱ्यांनी. फक्त तो थांबत नाही. ब्राउझर उघडेपर्यंत चहा गाळून होतो, आणि कुठला प्रोग्रॅम किती प्रोसेसर खातोय ते दाखवणारी टॉप कमांड मारून बघितलं की यादीत सगळ्यात वर हेच महाशय.

बरं, वाचतात तरी काय? तर नोड मॉड्यूल्स नावाचं फोल्डर, म्हणजे जावास्क्रिप्ट प्रोजेक्टसाठी उतरवलेला दुसऱ्यांचा कोड, ज्यात हजारोंनी बारक्या फाईली असतात आणि ज्याने लिहिल्या त्यानेही परत उघडल्या नसतील. ब्राउझरचा कॅश, म्हणजे बघून झालेल्या पानांचा साठा. मग मेल. माझी मेल एमबॉक्समध्ये आहे, म्हणजे अख्खा इनबॉक्स एकाच लांबलचक फाईलीत, त्यामुळे "वीजबिल भरा" असं एक मेल आलं की फाईल बदलली, आणि फाईल बदलली की हा परत पहिल्या मेलपासून वाचायला बसतो. लग्नात नवा पाहुणा दिसला की स्वतःच्या पहिल्या नोकरीपासून सुरुवात करणारे काका असतात ना, तसं.

पण खरी मजा सोसायटीच्या जुन्या परिपत्रकांची. ती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधली, पीडीएफ उघडली तर स्क्रीनवर सुंदर मराठी, आणि आतून नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची खिचडी. इंडेक्सरला खिचडीच दिसते. प्रत्येक घास त्याला नवा शब्द वाटतो आणि तो इमानेइतबारे टिपून ठेवतो. "सभासदांनी थकबाकी भरावी" हे तिथे ज्या रूपात जपलंय ते वाचून खुद्द सेक्रेटरीही भरणार नाही.

मग उपाय. एक मित्र म्हणाला, "अरे नाइस लाव, आयओनाइस लाव, गपगुमान कोपऱ्यात बसेल." लावलं. दोन्ही कमांड प्रोग्रॅमला रांगेत मागे बसवतात, नाइस सीपीयूच्या, आयओनाइस डिस्कच्या. नाइसने सीपीयूवर जरा फरक पडला, डिस्क मात्र ढिम्म. कारण आयओनाइसचं म्हणणं डिस्कच्या शेड्युलरने, म्हणजे कोणाचं काम आधी ते ठरवणाऱ्याने, ऐकायचं असतं, आणि माझ्या एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी, डिस्कपुढे शेड्युलर म्हणून लिहिलं होतं, नन, म्हणजे कोणीच नाही! तक्रार करणार कोणाकडे? पुढे इनोटिफाय. फोल्डरमध्ये काही बदललं की हे कळवतं, पण दर फोल्डरला एक पहारा लागतो, आणि जुन्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्याची डिफॉल्ट मर्यादा ८१९२. ऐकायला भरपूर वाटते, दोन-चार प्रोजेक्टांची नोड मॉड्यूल्स एका बैठकीत संपवतात.

शेवटी कामाला आलं ते सगळ्यात कंटाळवाणं काम, काय वाचायचं नाही त्याची यादी. नोड मॉड्यूल्स, कॅश, बॅकअप, परिपत्रकं, सगळं बाहेर. मेल मेलडिरमध्ये हलवली, तिथे एका मेलची एक फाईल, म्हणजे नवं आलं तर फक्त नवंच वाचायचं. जुना इंडेक्स उडवून नवा बांधायला लावला आणि झोपलो. सकाळी लॅपटॉप शांत, माऊस सुळकन पळतोय.

आता परीक्षा. गावच्या जमिनीचा सातबारा हवा होता, मामाचा फोन येऊन गेलेला. "सातबारा" टाकलं, काही नाही. "७/१२" मध्ये तिरकी रेघ, आणि ती लिनक्समध्ये फाईलच्या नावात चालतच नाही, म्हणून "7-12", "712", रोमनमध्ये "सतबारा", घरातल्या प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, सगळी घालून बघितली. शून्य, पण शून्यसुद्धा क्षणात आलं हो, त्याचं कौतुक करायला पाहिजे. शेवटी डाउनलोड्समध्ये हाताने एकेक उघडत गेलो तर सातबारा निघाला "स्कॅन००३" नावाने. नुसता फोटो, आत अक्षर एक नाही. त्यावरही तोड आहे म्हणा, फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट प्रोग्रॅमला मराठी वाचता येतं, सगळे स्कॅन त्याच्याकडून वाचून घेतले की इंडेक्स... मी सेटिंग शोधायला लागलो तर बायको म्हणाली, "अरे, फाईलला नाव दे की आधी."

दिलं. तेवढ्यात व्हॉट्सॲप वाजलं. मामाने नवीन उतारा पाठवला होता, "स्कॅन००४".