मोत माउलीच्या जत्रेचा तो मेसेज पुढे पाठवू नका

वांद्र्याच्या मोत माउलीची (माउंट मेरी चर्चची) जत्रा जवळ आली आणि परवा मीच आमच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: ‘नऊ दिवस नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करा, मेणाची मूर्ती वाहा, पवित्रीकरण पूर्ण होते. बायबलमध्ये तसे लिहिले आहे.’ न वाचताच पुढे ढकलला, चूक माझीच. रात्री बायबल उघडून बसलो, तर असे कुठेच नाही.

नोव्हेना, मेणाचे हात-पाय, छोटी घरे ही आपली भक्ती आणि नवस. त्यात वावगे काही नाही, आमच्या आजीनेही मेणाचा पाय वाहिला होता. पण पवित्रीकरणाचा, म्हणजे माणूस पवित्र होण्याचा, उगम तिथे नाही. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थच ‘वेगळे काढलेले, देवासाठी राखलेले’ असा. आणि राखून ठेवणारा देव. बायबलमधल्या १ थेस्सलनीकाकर या पत्रात (५:२३) प्रेषित पौल प्रार्थना करतो, ती शांतीच्या देवाने स्वतः तुम्हांला पूर्ण पवित्र करावे अशी.

मला खरी गंमत करिंथकरांची, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांची, वाटते. त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच (१:२) पौल त्यांना ‘पवित्र केलेले’ म्हणतो, आणि पुढे दहा ओळी जात नाहीत तोच त्यांची भांडणे काढतो! म्हणजे आधी देवाचे देणे, मग त्याला साजेसे जगणे. ते जगणे आयुष्यभर चालते, नऊ दिवसांत उरकत नाही. कॅथलिक-प्रोटेस्टंट तपशिलात वेगळे बोलतात, पण मूळ कृपाच, यावर दोघांचेही एकमत.

माझा आधीचा मेसेज कुणी पुढे पाठवला असेल तर कृपया डिलीट करा आणि त्याजागी हा टाका.