९५ मिलिमीटरचा संसार

बाकीच्या बायकांचे नवरे रिटायर झाले की स्वयंपाकघरात लुडबुड करतात. आमच्या घरी मात्र गॅरेजमध्ये डॅटसन २४०झेड नावाची एक गंजकी जपानी स्पोर्ट्स कार येऊन पडली आणि ‘हिची फेरारी २५० जीटीओ करायची’ अशी घोषणा झाली. आम्ही राहतो इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत. हे मोटारींच्या कारखान्यांचं जुनं गाव, त्यामुळे ठोकाठोकीची तक्रार करायची सोडून शेजारचे आजोबा आपली हत्यारंच देऊन गेले.

खऱ्या जीटीओ, म्हणजे फेरारीच्या शर्यतीच्या इटालियन गाड्या, १९६२ ते १९६४ या काळात मोजून ३६ झाल्या. त्यातली एक २०१८ साली लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. “बघ, आपले किती वाचले!” इति नवरा. या हिशेबाने कोहिनूर न घेऊनही आम्ही बरीच बचत केली आहे.

मग निघाला ९५ मिलिमीटरचा वाद. जीटीओच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर २४०० मिलिमीटर, डॅटसनच्या २३०५. “कोण टेप घेऊन येणार आहे मोजायला?” मी विचारलं. त्याने हातातली करवत खाली ठेवली. आमच्याकडे हे लक्षण चांगलं नसतं. पुढे गाडी मधोमध कापून लांबवली गेली, आणि घरातला अबोलाही.

हा वाढला पुण्यात, तांबट आळीच्या शेजारी. त्या ठोक्यांनी दुपारची झोप मोडते म्हणून कटकट करणारा माणूस आता स्वतःच वाळूच्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा पत्रा मठारतो. ठोकून पत्रा कडक होतो, तो तापवून पुन्हा मऊ करायचा. किती तापवायचा? तर त्यावर साबण घासायचा आणि साबण काळपट झाला की ज्योत बाजूला घ्यायची. या शास्त्रापायी माझी चंदनी साबणाची अख्खी वडी खर्ची पडली.

दोन्ही मडगार्डं मोठ्या कष्टाने तंतोतंत सारखी झाली, तेव्हा कळलं की इटलीत मोडेनाला फेरारीच्या बॉड्या बनवणाऱ्या स्काग्लिएत्तीच्या कारागिरांनी मूळ गाड्याही हातानेच ठोकल्या होत्या आणि एक दुसरीसारखी नव्हती. झालं! पुन्हा हातोडा. आता डावं मडगार्ड अभ्यासपूर्वक वाकडं आहे.

गंमत म्हणजे अस्सल गाडीच थापेवर पास झालेली. शर्यतीच्या नियमाप्रमाणे १०० गाड्या बनवायला हव्या होत्या; कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांनी ‘ही आमची जुनीच २५० जीटी, फक्त कपडे नवे’ म्हणून वेळ मारून नेली. आमच्या नकलेला मात्र सवलत नाही. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी इथे जी सरकारी तपासणी होते, तीत बाहेरची प्रत्येक कड किमान २.५ मिलिमीटर गोलाईची लागते. त्यात २०१९ साली इटलीतल्या बोलोन्याच्या कोर्टाने जीटीओ ही कलाकृती असल्याचं मान्य करून नकला करायला बंदी घातली. इंग्लंड तिथून लांब आहे म्हणून बरं. पण ‘कलाकृती’ एवढं कानावर पडल्यापासून बॉनेटवर कुरडया वाळत घालायची सोय गेली.

अखेर गाडी पास झाली. आत जपानी, वर इटालियन, नंबरप्लेट इंग्रजी आणि शिव्या मराठी. डिकीत पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी, त्यामुळे इंडियन दुकानातली दहा किलो कणीक माझ्या मांडीवर. मूळ गाडीत स्पीडोमीटर नव्हता. कायद्यासाठी आमच्यात बसवलाय, पण त्याकडे बघणं याला कमीपणाचं वाटतं. म्हणून ते काम माझं.

“किती?” तो इंजिनाच्या वर आवाज काढून ओरडतो.

“साठ!” मी ओरडते. काटा पस्तिशीवर असतो. स्वारी खूश होऊन गिअर बदलते.