कानटोपी घालून एकटाच

हिवाळी सायकलस्वारीतला सगळ्यात अवघड चढ गादीपासून फरशीपर्यंतचा. चार-पाच जणांनी मिळून जायचं ठरवलं असेल तर हा चढ लाजेकाजेस्तव चढून होतो, कारण खाली फाटकाशी कोणीतरी घंटी वाजवत उभा असतो. एकट्याने जायचं म्हटलं की वादी आपण, प्रतिवादी आपण आणि न्यायाधीश गोधडीच्या आत. अशा खटल्यात तारीख पडण्याचीच शक्यता जास्त.

माझ्या बाबतीत निकाल लागतो तो बायकोमुळे.

"एकटेच निघालात? पडलात-बिडलात तर कळवणार कोण?"

"मीच."

"शुद्धीवर असलात तर," असं म्हणून ती माझ्या वाटणीची गोधडीसुद्धा ओढून घेते. मग निघण्यावाचून इलाज उरत नाही.

आता कोणी म्हणेल, थंडीच हवी तर नाशकातल्या नाशकात फिरावं. पण आमच्या जिल्ह्यात थंडीचं माहेर निफाड. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा एक आकडी उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात निफाडचं नाव ठरलेलं. तेव्हा खावी तर अस्सल खावी, म्हणून मी चांदोरीच्या रस्त्याला लागतो. पुढे सायखेडा, आणि तिथून नांदूरमध्यमेश्वर. सगळं मिळून चाळीसेक किलोमीटर.

पहाटे वारा पडलेला असतो. त्यामुळे मी तो स्वतःच तयार करतो, ताशी वीस किलोमीटर वेगाने, आणि स्वतःच्याच नाकावर घेतो. बोटं कुठे संपतात आणि ब्रेक कुठे सुरू होतो ते कळेनासं होतं. त्यात गोदावरीचा पूल! रात्रीची थंड हवा जड असते, ती उतरत उतरत नदीच्या खोलगट भागात जाऊन बसते. त्यामुळे पुलाकडचा जो उतार उन्हाळ्यात बक्षीस वाटतो, तो जानेवारीत थेट गारठ्यात नेऊन सोडतो. पलीकडचा चढ आला की जिवात जीव येतो. आपण जी शक्ती खर्च करतो, तिचा साधारण पाव हिस्साच सायकल पुढे नेतो, बाकी सगळी उष्णता होते. म्हणजे गाडी म्हणून मी सुमार असलो तरी शेगडी म्हणून उत्तम आहे.

नाकाचा विषय टाळणार होतो, पण टाळला तर एकटेपणाचं निम्मं सुख सांगायचं राहील. गार हवेत नाक वाहतंच. बरोबर माणसं असली की रुमाल काढा, तोल सांभाळा, मागच्याची क्षमा मागा. एकट्याला मफलरचं टोक आहे, आणि साक्षीला फक्त द्राक्षबाग.

गटाबरोबर मीही जाऊन आलो आहे. तिथे सरासरी वेग असतो, ग्रुप फोटो असतो, आणि मिसळीच्या ठिकाणाआधी थांबायचं नाही असा कायदा असतो. आठ हेल्मेटं गावात थांबली तर लोक रॅली समजतात. कुडकुडणारा एक माणूस थांबला की पाहुणा होतो. सायखेड्याच्या पुढे एका मळ्याशी शेकोटी दिसली, म्हणून नुसता वेग कमी केला तर हाक आली, "या, शेका थोडं."

मळेवाल्याचे डोळे तांबारलेले. रात्रभर बागेत जागोजागी जाळ करून धूर धरला होता. गारठा वाढला की द्राक्षाची फुगवण थांबते, मणी तडकतात. त्याने माझ्या मफलरकडे, उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहून हळूच विचारलं, "कुठं निघाले?"

"नांदूरमध्यमेश्वरला."

"कोण वारलं?"

"कोणी नाही. पक्षी बघायला."

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग एका म्हाताऱ्या बाबांनी छाटणीच्या काड्या जाळात सारल्या, मला जागा करून दिली आणि सायकलकडे बोट केलं. "केवढ्याला?"

मी खऱ्या किमतीच्या निम्मी सांगितली.

"फसवलं तुम्हाला. कॅरेज नाही, स्टँड नाही, मडगार्डसुदिक नाही."

चहा मात्र पितळीभर मिळाला, गुळाचा. आठ जणांना तो मिळाला नसता, निदान एवढा तरी नाही.

नांदूरमध्यमेश्वर म्हणजे गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा. त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचं २०२० साली जाहीर झालं, महाराष्ट्रात सगळ्यात आधी. पाण्यावर चक्रवाक होते, थापटे होते, आणि ज्यांची नावं मला येत नाहीत असे पुष्कळ होते. उत्तरेकडचा बर्फ चुकवून ही मंडळी इथे ऊब घ्यायला येतात. ज्या निफाडात माझे दात वाजतात, ते त्यांचं थंड हवेचं ठिकाण नाही, उबेचं आहे! शिवाय पाखरं येतात ती थव्याने, आणि मोठे पक्षी तर पुढच्याने कापलेल्या वाऱ्याचा फायदा घेत ओळीने उडतात. म्हणजे गटवाल्यांचंच खरं. मी विषय वाढवला नाही. पुलाशी जाऊन भजी खाल्ली.

परतताना नऊ वाजल्यापासून ऊन चढू लागलं आणि कपडे उतरू लागले. कानटोपी खिशात, हातमोजे हॅंडलला, स्वेटर कमरेला, मफलर दांडीला, आणि विंडचीटर मागे दोरीने बांधलेलं. पुढच्या पिंजऱ्यात स्टीलची पाण्याची बाटली चकाकत होती. अगदी बोहाऱ्याची गाडी. चांदोरीच्या अलीकडे एका ओट्यावरून बाईंनी मला थांबवलं आणि बाटली निरखून विचारलं, "ही किती साड्यांवर?"

"दोन," मी म्हणालो.

"एक साडी आणि एक पॅंट देते. पॅंट चांगली आहे."

पॅंट खरंच चांगली होती.