भारोसच्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

जानेवारी 2023 मध्ये निघालेला एक मेसेज अजून फिरतोच आहे. गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर तो मामांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा : “भारताने स्वतःची मोबाइल ऑपरेटिंग सिस्टिम बनवली, भारोस! शंभर टक्के स्वदेशी, अँड्रॉइडशी काहीही संबंध नाही. व्हायरस शिरूच शकत नाही. आधीपासून एकही ॲप नसल्यामुळे कोणी पाळत ठेवू शकत नाही. बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप सगळं चालतं. आता गुगलची सुट्टी! आजच आपल्या फोनमध्ये टाकून घ्या.” शेवटी एक लिंक. आणि त्याखाली मामांचा प्रश्न : “माझ्या फोनमध्ये टाकून देशील का?”

मामांची पेन्शन ज्या खात्यात येते, त्या बँकेचं ॲप त्याच फोनवर आहे. त्यामुळे त्यांना लगेच फोन करून लिंक उघडू नका एवढं सांगितलं. पण हा मेसेज एकट्या मामांनाच आलेला नसणार, म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेऊन इथे लिहितो. जुन्या फोनवर अँड्रॉइडच्या मोकळ्या आवृत्त्या चढवण्याचा मला काही वर्षांचा नाद आहे, त्यामुळे यातल्या बऱ्याच गोष्टी मी हाताने करून पाहिल्या आहेत.

आधी खरं काय घडलं ते. 19 जानेवारी 2023 रोजी आयआयटी मद्रासचे संचालक व्ही. कामकोटी यांच्या उपस्थितीत भारोसची घोषणा झाली. ती तयार केली जॅंडकॉप्स या कंपनीने. या कंपनीला आधार दिला आयआयटी मद्रासच्या प्रवर्तक फाउंडेशनने, आणि प्रवर्तकला पैसा मिळतो केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून. पाच दिवसांनी, 24 जानेवारीला, धर्मेंद्र प्रधान आणि अश्विनी वैष्णव या केंद्रीय मंत्र्यांनी ती फोनवर वापरून पाहिली. इथपर्यंत मेसेजचा आणि माझा वाद नाही. हे काम झालं याचा मलाही आनंद आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर काहीही खपवलेलं मला सहन होत नाही.

“शंभर टक्के स्वदेशी, अँड्रॉइडशी काहीही संबंध नाही”

संबंध आहे, आणि तो पायाचाच आहे. अँड्रॉइड म्हणून आपण जे वापरतो त्याचे दोन थर असतात. खालचा थर म्हणजे एओएसपी, अँड्रॉइडचा खुला कोड. तो कोणीही उतरवून घ्यावा, बदलावा, स्वतःच्या नावाने वाटावा, अशी परवानगी त्याच्या परवान्यातच आहे. त्याच्याही तळाशी लिनक्सचा गाभा आहे, जो 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी वाढवला. वरचा थर मात्र गुगलच्या मालकीचा : प्ले स्टोअर, प्ले सर्व्हिसेस (इतर ॲपना सूचना, नकाशे अशा सोयी पुरवणारी पडद्यामागची सेवा), नकाशे, जीमेल, यूट्यूब. भारोसने खालचा खुला थर घेतला, वरचा टाकून दिला आणि स्वतःची काही व्यवस्था बसवली. ॲमेझॉनच्या टॅबलेटमधली फायर ओएस, लिनेजओएस, ग्राफिनओएस ही सगळी याच रस्त्याने आलेली आहेत.

हे सांगितलं की दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, तू देशाचं नाव खाली करतोस. दुसरे म्हणतात, म्हणजे नुसती नक्कल, फसवलं आपल्याला. मला दोघांचंही पटत नाही. कामकोटी यांच्याच नेतृत्वाखाली आयआयटी मद्रासमध्ये ‘शक्ती’ हा प्रोसेसर घडला. त्याचा पाया रिस्क-फाइव्ह ही कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात सुरू झालेली खुली रचना आहे. त्यामुळे शक्तीचं मोल कोणी कमी मानत नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही संगणकासाठीची ऑपरेटिंग सिस्टिमही लिनक्सवरच उभी आहे. खुल्या कोडवर बांधण्यात काहीच गैर नाही, उलट शहाणपण आहे. गैर आहे ते पाया लपवण्यात. कारण पाया लपवला की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही : त्या पायात उद्या भोक सापडलं तर ते बुजवणार कोण आणि किती दिवसांत?

“व्हायरस शिरूच शकत नाही”

वरचा प्रश्न इथे थेट लागू होतो. 2015 मध्ये अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट नावाची खोट उघडकीला आली. व्हिडिओ वाचणाऱ्या कोडमध्ये चूक होती. खास बनवलेला व्हिडिओ एमएमएसने आला, तर तो उघडण्याआधीच हल्लेखोराला फोनमध्ये वाट मिळू शकत होती. सुमारे 95 कोटी उपकरणं धोक्यात आहेत, असा तेव्हाचा अंदाज होता. ही चूक गुगलच्या बंद थरात नव्हती. ती होती एओएसपीत, म्हणजे त्या खुल्या थरावर उभ्या असलेल्या प्रत्येक सिस्टिममध्ये. गुगलने दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली ती या धक्क्यानंतरच.

भारोसच्या रचनेत चांगल्या गोष्टी आहेत, आणि मेसेजने नेमक्या त्याच गाळल्यात. संस्थेने तपासलेलीच ॲप मिळावीत म्हणून तिची खासगी ॲप स्टोअर व्यवस्था आहे. अपडेट वापरणाऱ्याने काही न करता आपोआप उतरतात. फोन सुरू होताना आतला कोड कोणी बदललेला नाही ना, याची पडताळणी होते. यामुळे भलतंसलतं ॲप घुसण्याची शक्यता नक्कीच घटते. पण ‘घटते’ आणि ‘शिरूच शकत नाही’ यात फार अंतर आहे. पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर 2019 मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधून फोनमध्ये घुसवलं जात होतं आणि कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. तिथे ॲप अस्सल होतं, स्टोअरही अस्सल होतं.

म्हणून कुठल्याही नव्या सिस्टिमबद्दल मी पहिली विचारपूस करतो ती दुरुस्त्यांची. एओएसपीत दर महिन्याला ज्या दुरुस्त्या येतात, त्या आपल्याकडे किती दिवसांत येतील? किती वर्षं येत राहतील? हे कंटाळवाणं, न संपणारं काम आहे, त्याला पगारी माणसं लागतात आणि त्याच्या बातम्या होत नाहीत.

“एकही ॲप नाही, म्हणून पाळत नाही”

विकत घेतलेल्या फोनमध्ये वीस-पंचवीस अनाहूत ॲप भरलेली असतात आणि त्यातली कित्येक काढताही येत नाहीत. ती नकोत, हे भारोसचं धोरण मला मनापासून आवडतं. पण पाळत मुख्यतः त्या ॲपमधून होते जी आपण स्वतः टाकतो आणि संपर्क, लोकेशन, माइक अशा सगळ्या परवानग्या देऊन मोकळे होतो. शिवाय मोबाइल कंपनीला तुमचं सिम कुठल्या टॉवरवर आहे हे कळतंच, मग सिस्टिम कोणतीही असो.

“बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप सगळं चालतं”

खरी अडचण इथे आहे, आणि ती भारोसची एकटीची नाही.

गुगलच्या थराशिवाय फोन कसा वागतो ते माझ्या अनुभवातून सांगतो. माझ्या एका जुन्या फोनवर लिनेजओएस आहे. व्हॉट्सॲप स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं आणि चालतं, फक्त गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप मिळत नाही. पण बरीच ॲप सूचना पोचवण्यासाठी गुगलच्या सेवेवर अवलंबून असतात. तो थर नसला की ॲप उघडेपर्यंत त्यांचा निरोपच येत नाही. नकाशा दाखवणारं ॲप रिकामा करडा चौकोन दाखवतं, कारण तो नकाशा त्याचा स्वतःचा नसतोच. माझ्या बँकेचं ॲप तर सुरूच झालं नाही. ‘तुमचा फोन रूट केलेला आहे’ (म्हणजे सिस्टिमचे सगळे अधिकार वापरणाऱ्याने स्वतःकडे घेतले आहेत) असं सांगून ते बंद झालं, आणि मी फोन रूट केलेला नव्हता. असं का होतं? हा फोन भरवशाचा आहे का, हे कित्येक ॲप गुगलच्या पडताळणीला विचारतात, आणि गुगलने मान्यता न दिलेल्या सिस्टिमला तिथे होकार मिळणं कठीण असतं. यूपीआयमध्ये फोन आणि नंबर यांची जोडणी सिममधून जाणाऱ्या एसएमएसवर होते, त्यात गुगलची गरज नाही. तरी ॲप ती पडताळणी वर लावतंच.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाने लक्षात घ्यावी अशी. एओएसपीवर देवनागरी नीट दिसते, कारण त्यासाठीचे नोतो फॉन्ट खुले आहेत. पण आई बोलते आणि फोन मराठीत लिहितो, ती सोय गुगलची आहे. 2017 च्या ऑगस्टमध्ये गुगलने मराठीसह आठ भारतीय भाषांना आवाजी टायपिंग दिलं. वरचा थर काढला की तेही जातं. कीबोर्डवर अक्षरं शोधणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी फोनचा अर्धा उपयोगच जातो. आता यात एक बातमी आहे जी या मेसेजइतकी फिरली असती तर मला फार बरं वाटलं असतं : त्याच आयआयटी मद्रासमध्ये एआयफॉरभारत नावाचा गट भारतीय भाषांसाठी भाषांतराची आणि बोलणं ओळखण्याची मॉडेल बनवतो आणि ती खुली करतो. त्यांचं इंडिकट्रान्स2 संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या, म्हणजे 22 भाषा हाताळतं. गुगलशिवायचा फोन मराठी घरात खरोखर वापरला जायचा असेल, तर त्याला अशाच कामाची जोड लागेल.

ॲप नसली तर काय होतं, याचे दाखले मोठमोठ्यांचे आहेत. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन व्यवसाय विकत घेतला, विंडोज फोन देखणा बनवला. गुगलने त्याच्यासाठी यूट्यूबचं ॲप केलं नाही, आणि 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः केलं तर ते अडवलं. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टला त्या व्यवहाराचे 7.6 अब्ज डॉलर बुडीत खाती टाकावे लागले. मोझिलाची फायरफॉक्स ओएस तर आपल्याकडेच आली होती. ऑगस्ट 2014 मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स 1,999 रुपयांना मिळत होता, पण त्यावर अधिकृत व्हॉट्सॲप नव्हतं. डिसेंबर 2015 मध्ये मोझिलाने फोनसाठीचं काम थांबवलं. त्याच कोडमधून पुढे कायओएस निघाली आणि 2017 मध्ये जिओफोनमध्ये बसली. तिच्यामागे रिलायन्सचं बळ होतं, तरी व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर 2018 उजाडला.

यातून वाट काढली ती ह्युआवे या चिनी कंपनीने. मे 2019 मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले, गुगलचा थर हातचा गेला. त्यांनी त्याच वर्षी हार्मनीओएस जाहीर केली. सुरुवातीला तीही फोनवर अँड्रॉइडची ॲप चालवत होती. अँड्रॉइडचा कोड पूर्णपणे सोडणारी हार्मनीओएस नेक्स्ट यायला ऑक्टोबर 2024 लागला, आणि तेव्हा तिच्यासाठी 15,000 ॲप व सेवा तयार असल्याचं कंपनीने सांगितलं. यामागे प्रचंड पैसा होता, आणि गुगलच्या सेवा मुळातच चालत नाहीत असा चीनचा बाजार होता. आपल्याकडे शंभरातल्या नव्वदहून जास्त फोनांवर अँड्रॉइड आहे आणि घरोघर गुगल पे आहे.

“आता गुगलची सुट्टी”

गुगलला धक्का बसला होता, आणि योगायोग असा की भारोसच्या घोषणेच्याच दिवशी. 20 ऑक्टोबर 2022 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला होता. 19 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती द्यायला नकार दिला.

दंडाच्या आकड्यापेक्षा आदेशातले निर्देश महत्त्वाचे. फोन बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवं असेल तर गुगलची बाकीची ॲपही घ्यावी लागत, आणि अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती असलेला फोन विकणार नाही अशी हमी द्यावी लागे. म्हणजे एखाद्या कंपनीला दहा मॉडेल गुगलसह आणि एक मॉडेल भारोससारख्या सिस्टिमसह काढायचं असतं, तरी करार आडवा आला असता. ॲमेझॉनच्या फायर ओएसला फोन कंपन्या मिळाल्या नाहीत त्याला हेच कारण होतं, असं युरोपीय आयोगाने 2018 मध्ये म्हटलं होतं. आपल्या आयोगाने ही हमी घ्यायला मनाई केली. 29 मार्च 2023 ला अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण चार निर्देश रद्द केले. त्यातला एक होता गुगलने प्ले सर्व्हिसेसचे दरवाजे इतरांना नाकारू नयेत असा. वर सांगितलेला रिकामा नकाशा आणि न पोचलेल्या सूचना आठवा. स्वदेशी सिस्टिमबद्दल ज्यांना कळकळ आहे, त्यांनी मेसेजपेक्षा या खटल्याकडे लक्ष द्यावं, ही माझी विनंती आहे.

“आजच आपल्या फोनमध्ये टाकून घ्या”

भारोस हे ॲप नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची तर फोनचं बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) उघडावं लागतं, त्यात सगळा डेटा पुसला जातो, आणि त्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेली आवृत्ती लागते. एका मॉडेलची दुसऱ्यावर चढवली तर फोन सुरूच होत नाही, हे मी एक फोन घालवून शिकलो. शिवाय घोषणेच्या वेळीच सांगितलं होतं की ही सिस्टिम गोपनीयता आणि सुरक्षेची कडक गरज असलेल्या संस्थांसाठी आहे, जिथे मोजकी ॲप लागतात आणि ती संस्थाच ठरवते. अशा जागी ती शोभते.

त्यामुळे ग्रुपवरच्या लिंकवर भारोस मिळणं शक्य नाही. तिथून एपीके फाइल (अँड्रॉइडचं ॲप ज्या फाइलमधून टाकतात ती) उतरली तर ते दुसरंच काहीतरी ॲप आहे, आणि ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागत असेल तर त्याला तुमचे ओटीपी हवे आहेत. फाइल नुसती उतरवली असेल तर न उघडता पुसून टाका. ॲप टाकून झालं असेल तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा, आणि पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.