ड्रायर खाली ठेवा, मामी

रविवारी सकाळी मामींचा फोन. "अरे, लॅपटॉपचं वायफाय गेलंय. ड्रायर मारला तर डावीकडची दोन बटणं वाकडी झाली. आता काय करू?" लॅपटॉपला ड्रायर कशाला मारलात, असं विचारलं तर उत्तर तयार होतं: "ग्रुपवर आलं होतं, कुणा इंजिनियरने लिहिलंय."

तो मेसेज नंतर मलाही दोन ग्रुपवर मिळाला, 'सर्वांना पाठवा' या शेपटासकट. त्याचं म्हणणं असं. वायफायचं चिन्ह गायब झालं म्हणजे मदरबोर्ड, म्हणजे लॅपटॉपचा मुख्य सर्किट-बोर्ड, गेला. चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग कीबोर्डवर दहा मिनिटं ड्रायरची गरम हवा सोडा. ड्रायव्हर (आतले भाग चालवणारा प्रोग्राम) अपडेट करणारं फुकट सॉफ्टवेअर टाका. यूएसबी डोंगल (बाहेरून लावायचं छोटं वायफाय यंत्र) लावू नका, लॅपटॉप जळतो. एवढं करूनही नाही जमलं तर वायफायचं कुठलंही नवं कार्ड (वायफाय पकडणारा आतला छोटा भाग) आणून बसवा, सगळी सारखीच असतात.

मदरबोर्डच गेला असेल तर नवं कार्ड कशाला आणायचं, हा प्रश्न लिहिणाऱ्यालाही पडला नाही आणि पुढे ढकलणाऱ्यांनाही नाही.

आधी ड्रायर. त्यामागची कल्पना अशी की उष्णतेने आतले सुटलेले टाके पुन्हा जुळतात. हल्लीच्या बोर्डांवरचं शिसंविरहित सोल्डर, म्हणजे टाके घालायचा धातू, वितळायला २१७ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागतं. घरचा ड्रायर तिथवर पोचत असता तर आधी डोक्यावरचे केस जळाले असते. टाका वितळायला ती हवा अपुरी, पण बटणांचं प्लास्टिक वाकवायला पुरेशी. शिवाय बहुतेक लॅपटॉपमध्ये मनगट टेकतो त्या पट्टीखालीच लिथियम बॅटरी असते. तिला दहा मिनिटं शेक देण्याचा सल्ला देणाऱ्याने तो आधी स्वतःच्या मांडीवर करून बघावा.

"पण आमच्या शेजारणीचं चालू झालं ना!" मामी म्हणाल्या. झालं असेल, नाही म्हणत नाही. पण ते झालं पॉवर बटणामुळे. वायफाय कार्डाच्या आतला छोटा प्रोग्राम कधीकधी अडकतो, आणि कार्डाचा वीजपुरवठा खरोखर तुटल्याशिवाय सुटत नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप (लॅपटॉप लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर 'शट डाऊन' म्हणजे पूर्ण बंद नव्हेच. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून बटण ३० सेकंद दाबलं की उरलीसुरली वीज निघून जाते आणि कार्ड नव्याने जागं होतं. म्हणजे पावलं पॉवर बटण आणि नारळ फुटला ड्रायरपुढे. हा अर्धा उपाय मीही सांगतो. तो करून बघा, ड्रायर कपाटात राहू द्या.

आता मदरबोर्ड. एचपी, डेल, लेनोवो या कंपन्या आपल्या बहुतेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका स्वतःच्या साइटवर फुकट ठेवतात. आपल्या मॉडेलची उघडून बघा. वायरलेस कार्ड काढण्याचं स्वतंत्र प्रकरण सापडलं, तर कार्ड सुटं आहे हे खुद्द कंपनीच सांगते आहे. हल्लीचं कार्ड असतं २२ बाय ३० मिलिमीटर, टपाल तिकिटाएवढं. एक स्क्रू आणि अँटेनाच्या दोन बारीक वायरी. त्याआधी बॅटरीची जोडणी काढायची, हे विसरायचं नाही. मॅकबुक आणि काही पातळ लॅपटॉपांत वायफायची चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तेवढ्यापुरतं त्या मेसेजचं खरं. पण तिथेही बाहेरून डोंगल चालतो. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र स्क्रूला हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.

'सगळी कार्डं सारखीच' या वाक्याने लोकांचे पैसे बुडतात. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ यांच्या नावात एका आकड्याचा फरक आहे. पहिलं एएमडी या इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपमध्येही चालतं. दुसऱ्याचं अर्धं काम इंटेलच्याच ठरावीक चिपसेटमध्ये (प्रोसेसरच्या जोडीच्या चिपमध्ये) होतं, त्यामुळे एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते खाचेत बसलं तरी चालणार नाही. काही जुन्या थिंकपॅड लॅपटॉपांमध्ये तर कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड लावलं की '१८०२' ही चूक दाखवून मशीन सुरूच व्हायचं नाही. म्हणून आधी जुन्या कार्डावरचं नाव वाचा.

फुकट ड्रायव्हर-सॉफ्टवेअरबद्दल काय बोलायचं? नेट नसताना ते उतरवणार कुठून? फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला देणं) चालू करा आणि लॅपटॉपच्या कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या.

डोंगलने काहीही जळत नाही. फार तर यूएसबी ३ पोर्टशेजारी २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय अडखळतं, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावा.

मामींचं वायफाय पॉवर बटणाने दोन दिवस टिकलं आणि पुन्हा गेलं. या वेळी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या भागांच्या यादीत, कार्डाचं नावच नव्हतं. मागचं झाकण उघडून, कार्ड काढून पुन्हा घट्ट बसवलं तरी दिसेना, तेव्हा त्याच नावाचं नवं आणलं. बसवायला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा त्या दोन वायरींची टोपणं बसवण्यात गेली. वायफाय चालू आहे. डावीकडचं कंट्रोलचं बटण मात्र अजून चिकटतं, आणि कीबोर्डची किंमत कार्डापेक्षा जास्त सांगताहेत.