हो ची मिन्ह यांच्या समाधीवर काय लिहिलंय, ते एकदाचं ऐका

माझी भाची सातवीत आहे. शिवजयंतीला शाळेत तिचं भाषण आहे. परवा तिने ते फोनवर म्हणून दाखवलं आणि तिसऱ्या वाक्यालाच मी कपाळाला हात लावला, कारण पुढची सगळी वाक्यं मला पाठ होती. तुम्हालाही असतील. दर फेब्रुवारीत येतात. यंदा ती बाबांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, व्हॉट्सॲपवरून थेट तिच्या वहीत उतरली होती.

ज्यांच्या वाटेला हा मजकूर अजून गेला नसेल त्यांच्यासाठी सारांश: व्हिएतनाम या टिचभर देशाने अमेरिकेला धूळ चारली. एका पत्रकाराने तिथल्या राष्ट्राध्यक्षांना विचारलं, हे कसं जमलं? ते म्हणाले, आम्ही छत्रपती शिवाजी महाराजांचं चरित्र वाचलं आणि त्यांची युद्धनीती वापरली. ते वारले तेव्हा त्यांच्या समाधीवर ‘शिवाजी महाराजांचा एक मावळा’ असं कोरलं गेलं. पुढे त्यांच्या परराष्ट्रमंत्री भारतात आल्या, लाल किल्ला वगैरे दाखवल्यावर म्हणाल्या, महाराजांची समाधी कुठे आहे? मग रायगडावर गेल्या, तिथली माती उचलून बॅगेत भरली, आणि ‘ही आमच्या मातीत मिसळणार म्हणजे असे वीर आमच्याकडेही जन्मतील’ असं सांगून परतल्या.

बाबांना म्हटलं, हे कुठून आलं? तर म्हणे, “अगं, दहा ग्रुपवर आलंय. सगळेच खोटं बोलतील का?”

हो बाबा, सगळेच. ढकलायला एक बोट पुरतं.

मुलाखतीचं एका दमात उरकते. हा मजकूर फिरवणाऱ्यांना जे ‘राष्ट्राध्यक्ष’ अभिप्रेत असतात ते हो ची मिन्ह. फोटोही त्यांचाच लावलेला असतो. ते गेले २ सप्टेंबर १९६९ ला. अमेरिकेशी पॅरिस करार झाला जानेवारी १९७३ मध्ये आणि सायगाव, म्हणजे अमेरिकेच्या बाजूच्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी, पडलं ३० एप्रिल १९७५ ला. ‘तुम्ही कसे जिंकलात’ हे त्यांना विचारायला त्या पत्रकाराला प्लँचेट लावावं लागलं असणार. जिंकले तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते तोन दुक थांग, आणि त्यांचं नाव या मजकुरात कुणी कधी घेत नाही, कारण ते कुणाला माहीतच नाही.

आता समाधी. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती समाधी मी पाहिलेली आहे. दोन वर्षांपूर्वी व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईला, गेले होते. बा दिन्ह चौकात करड्या दगडाची चौकोनी भव्य इमारत आहे, पांढऱ्या गणवेशातले पहारेकरी आहेत. सकाळी रांग लागते. कॅमेरा आत न्यायचा नाही, बोलायचं नाही, खिशात हात घातलेला दिसला तर पहारेकरी खुणेने काढायला लावतो. दर्शनी भागावर फक्त ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’ अशी अक्षरं आहेत. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर त्यांचं १९६६ चं प्रसिद्ध वाक्य आहे: स्वातंत्र्याहून मौल्यवान काही नाही. मग थंडगार खोलीत काचेच्या पेटीत ते स्वतः. रांग थांबत नाही, अर्धगोल फिरून तुम्ही बाहेर. मावळा नाही, महाराज नाहीत.

बरं, माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. त्या माणसाच्या मृत्युपत्रावर ठेवा. १९६५ पासून ते दरवर्षी त्यात भर घालत होते. १९६८ च्या मजकुरात त्यांनी स्पष्ट लिहिलंय की माझं दहन करा, रक्षेचे तीन भाग करा, उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तिन्ही भागांत एकेका टेकडीवर पुरा. तिथे दगडी शिलालेख नको, ब्राँझचा पुतळा नको. येणाऱ्यांना टेकायला साधं घर असावं आणि येईल त्याने एक झाड लावावं. पक्षाने हा भाग वीस वर्षं दाबून ठेवला आणि रशियन तज्ज्ञांना बोलावून मृतदेह मसाला भरून जपला. १९८९ मध्ये मृत्युपत्र जसंच्या तसं प्रसिद्ध केलं, आणि त्याच वेळी हेही कबूल केलं की मृत्यूची तारीख आपण एक दिवसाने पुढे सांगितली होती, राष्ट्रीय दिनावर सावट नको म्हणून.

ज्याने ‘माझ्यावर दगड कोरू नका’ असं लिहून ठेवलं, त्याच्या नावाने आपण दगड कोरून मोकळे झालो. तोही मराठीत.

टिचभर देश? व्हिएतनाम ३ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्र ३ लाख ८ हजार. पुढे.

परराष्ट्रमंत्री बाईंच्या बाबतीत नाइलाजाने थोडं मान्य करते. अशा बाई खरंच होत्या. ग्युएन थी बिन्ह या दक्षिण व्हिएतनामच्या हंगामी क्रांतिकारी सरकारच्या, म्हणजे सायगावविरुद्ध लढणाऱ्या बाजूच्या, परराष्ट्रमंत्री. पॅरिस करारावर सही करणाऱ्या चौघांत त्या होत्या. १९७० मध्ये त्या भारतात आल्या होत्या, इंदिराबाईंनी त्यांचं स्वागत केलं होतं आणि अमेरिकेला ते झोंबलं होतं. भारताबद्दल त्या लोकांना आपुलकी होती हेही खरं. १९५४ मध्ये हनोई फ्रेंचांकडून सुटल्यावर आठवडाभरात नेहरू तिथे पोहोचले होते. १९५८ मध्ये हो ची मिन्ह इकडे येऊन गेले. कोलकात्यात तर अमेरिकेचा वाणिज्य दूतावास ज्या रस्त्यावर, त्यालाच हो ची मिन्ह यांचं नाव दिलं. पण त्या आपुलकीवर रायगडाची माती कुणीतरी नंतर टाकली आहे. रोपवे १९९६ ला आला. त्याआधी परदेशी पाहुणीला गड चढवायचा म्हणजे दीड हजारांच्या आसपास पायऱ्या, नाहीतर डोलीवाले. असली स्वारी पाचाडात उतरली असती तर दुसऱ्या दिवशी एकूणएक मराठी पेपरात पहिल्या पानावर फोटो असता. कुठे आहे तो? दिवस कोणता? मजकूर फिरवणाऱ्याने एक तारीख सांगावी.

आणि हो, याच मजकुराची हिंदी आवृत्ती आहे. शब्द तेच, पत्रकार तोच, माती तीच. फक्त महाराजांच्या जागी महाराणा प्रताप. माझ्या नवऱ्याच्या उदयपूरच्या मित्राला ती पाठ आहे. त्याला मी आपली पाठवली तर म्हणाला, “आमची चोरली तुम्ही.”

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले: जिंकले ते म्हणे महाराजांच्या गनिमी काव्याची प्रेरणा घेऊन.

पहिलं म्हणजे त्यांना ती उसनी घ्यायची गरज नव्हती. बाख दांग नावाची नदी आहे, हायफाँगजवळ. ९३८ मध्ये न्गो क्वेन याने तिच्या पात्रात लोखंडी टोकांचे लाकडी खुंट रोवले. भरतीला ते पाण्याखाली दिसेनासे झाले. हलक्या होड्यांनी चिनी आरमाराला आत ओढून आणलं, ओहोटी लागली, जहाजं खुंटांवर बसली. साडेतीनशे वर्षांनी, १२८८ मध्ये, त्रान हुंग दाओ याने त्याच नदीत तोच डाव मंगोलांवर टाकला. पुन्हा लागू पडला! हनोईच्या इतिहास संग्रहालयात ते खुंट उभे ठेवलेत, काळे पडलेले, माणसाहून उंच. शाळेची पोरं त्यांच्यासमोर उभी राहून वहीत काहीतरी उतरवून घेत होती. आणि अमेरिकेशी लढताना १९६८ च्या तेत सणात, म्हणजे त्यांच्या नववर्षात, केलेला हल्ला? तो डावही जुनाच. १७८९ मध्ये क्वांग त्रुंग याने तेतच्याच दिवसांत, चिनी फौज सणात गुंग असताना, हनोई घेतलं होतं. त्यांचे सेनापती जनरल जियाप सैन्यात येण्याआधी हनोईच्या एका शाळेत इतिहासच शिकवत होते. ज्यांच्याकडे हजार वर्षांची ही शिदोरी आहे त्यांना आपण सांगतोय की तुम्ही आमचं चरित्र वाचून शिकलात.

दुसरं म्हणजे, हे युद्ध नुसत्या गनिमी काव्याने जिंकलेलंच नाही. आधी फ्रेंचांना जिथे हरवलं ते दिएन बिएन फू हा वेढा होता. १९५४ च्या जानेवारीत जियाप यांनी तोफा माणसांकरवी दोरांनी ओढून डोंगरावर चढवल्या, आणि हल्ल्याच्या तोंडावर ठरवलं की घाई नडेल. सगळ्या तोफा परत उतरवल्या. आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय, असं ते पुढे म्हणत. हल्ला सुरू झाला १३ मार्चला, फ्रेंच पडले ७ मे ला. रसद गेली सायकलवरून: सीट काढलेली, हँडलला बांबू बांधलेला, एका सायकलवर दोनशे किलोच्या वर भात, आणि माणूस बाजूने चालत ढकलतोय. त्यातल्या कितीतरी सायकली फ्रेंच प्यूजो कंपनीच्या! १९७२ ला आणि १९७५ ला तर रणगाडे घेऊन समोरासमोर लढाई झाली.

मग तोफा कुठून आल्या? रणगाडे कुठून आले? त्या मजकुरात याबद्दल एक अक्षर नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. दिएन बिएन फूच्या तोफा चीनने दिल्या. १९६५ ते १९६९ या काळात ३ लाख २० हजार चिनी सैनिक आळीपाळीने उत्तर व्हिएतनाममध्ये राबले, रेल्वे दुरुस्त केली, विमानविरोधी तोफा चालवल्या, म्हणून व्हिएतनामची स्वतःची माणसं दक्षिणेला जायला मोकळी झाली. आकाश सांभाळलं सोव्हिएत क्षेपणास्त्रांनी. जुलै १९६५ मध्ये पहिलं अमेरिकी विमान अशा क्षेपणास्त्राने पडलं तेव्हा ते डागणारी तुकडीही सोव्हिएतच होती. ३० एप्रिल १९७५ ला सायगावच्या राजवाड्याचं मुख्य फाटक ज्याने पाडलं तो ३९० क्रमांकाचा रणगाडा चिनी बनावटीचा. शेजारच्या फाटकात अडकलेला ८४३ क्रमांकाचा होता रशियन.

आणि हे दोन मदतगार एकमेकांचे हाडवैरी. १९६९ मध्ये सीमेवर त्यांच्यात गोळ्या झडल्या. रशियाचा माल यायचा चीनच्या रेल्वेतून, म्हणजे रुळांवरही कुरबुरी. हनोईने दोघांकडून घेतलं आणि दोघांचंही मिंधेपण पत्करलं नाही. हा धडा त्यांना १९५४ मध्ये जिनिव्हाच्या वाटाघाटींत मिळाला होता. रणांगणावर जिंकलेलं तिथे या दोघांच्याच आग्रहाखातर १७ व्या अक्षांशावर कापून द्यावं लागलं, देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले. म्हणून पॅरिसला अमेरिकेशी बोलायला ते स्वतः बसले, कुणाला मध्ये घेतलं नाही. १९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पेकिंगला जाऊन माओला भेटले, मे मध्ये मॉस्कोला गेले. हायफाँगच्या बंदरात अमेरिकेने सुरुंग पेरून दोन आठवडेही झाले नव्हते, आणि आपले दोन्ही पाठीराखे शत्रूला मेजवानी देतायत! तरी लढाई थांबली नाही. पुढे १९७९ मध्ये त्याच चीनने व्हिएतनामवर स्वारी केली. तेव्हाचे आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी नेमके चीनमध्ये होते, दौरा अर्धवट टाकून परतले.

नुसत्या परकी मदतीने जिंकता येतं असंही कुणी समजू नये. मदत तर सायगावकडे जास्त होती. १९६९ मध्ये एकट्या अमेरिकेचे ५ लाख ४३ हजार सैनिक तिथे होते. अमेरिका निघून गेली आणि दोन वर्षांत सगळं कोसळलं.

आता सांगा, यात महाराजांना कमीपणा कुठे आला? उलट हे सगळं ज्याला कळेल त्यालाच महाराजांचं राजकारण कळेल. पुरंदरला २३ किल्ले दिले आणि पुढे परत घेतले. आरमाराच्या बांधणीला फिरंगी कारागीर लावले. १६७७ मध्ये भागानगरला, म्हणजे हैदराबादला, जाऊन कुतुबशहाकडून पैसा आणि तोफखाना घेतला, आणि जिंजी जिंकल्यावर ती स्वतःकडेच ठेवली. कुतुबशहा हात चोळत बसला. हे शाळेच्या भाषणात कुणी सांगत नाही, कारण त्याला वाचावं लागतं.

आणखी एक. १९९५ मध्ये व्हिएतनामने स्वतःचा आकडा जाहीर केला: ११ लाख लढवय्ये मेले, जवळपास २० लाख नागरिक मेले. त्यांच्या घरी जाऊन ‘तुम्ही एक पुस्तक वाचलंत म्हणून जिंकलात’ असं म्हणायची आपली हिंमत आहे का?

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. ते जरा गप्प बसले, मग म्हणाले, “सायकलचं माहीत नव्हतं.” पण मेसेज त्यांनी ग्रुपवरून काढलेला नाही, कारण तो पाठवणारे त्यांचे जुने साहेब आहेत.

भाचीचा प्रश्न वेगळा होता. “आत्या, पण टाळ्या मातीवरच पडतात.” तिला म्हटलं, खुंटांचं सांगून बघ, भरती-ओहोटी हाताने दाखवायची. आता ती आरशासमोर होडी ओढून आणायची तालीम करतेय आणि मंगोल की मोंगल यावर आईशी भांडतेय.