बायकोला कळू न देता घर विकावं कसं?

घर तुमच्या नावावर, हप्ते तुमच्या पगारातून. मग विकताना बायकोला विचारायचं कशाला? तुम्ही पुण्यात, नाशकात नाहीतर साताऱ्यात राहत असाल तर निर्धास्त व्हा. खरेदीखतावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं की दस्त नोंदवणारे दुय्यम निबंधकही बायकोची सही मागत नाहीत. तिने त्या घरात तीस वर्षं भाकऱ्या थापल्या, आजारी सासू सांभाळली; पण ‘इंडेक्स टू’च्या, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखताच्या सरकारी गोषवाऱ्याच्या, छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.

मात्र गिऱ्हाईक लवकर गाठा. तिने 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला, तर दंडाधिकारी कलम 19खाली राहत्या घराच्या विक्रीला मनाई करू शकतात. तिने घरातल्या हक्काचा दिवाणी दावा लावला तरी महाराष्ट्रात एक खुबी आहे: दाव्याची नोटीस रीतसर नोंदवलेली नसेल, तर घर घेणाऱ्याला त्या दाव्याची बाधा सहसा येत नाही. तेव्हा तिचा वकील विसरभोळा निघो, एवढीच प्रार्थना करा.

पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात संसार थाटला असेल, तर मात्र तुमचं कठीण आहे. 1961मध्ये पोर्तुगीज गेले, पण त्यांची 1867ची नागरी संहिता मागे राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर कागदावर नाव कोणाचंही असो, निम्मं तिचं. वाडवडिलांचं घरसुद्धा तिच्या संमतीशिवाय विकता येत नाही. म्हणजे तुमच्या आजोबांनी बांधलं, तुम्ही रंगवलं आणि सही मात्र वहिनींची! (1961च्या आयकर कायद्याने तर अशा जोडप्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्नही निम्मं-निम्मं धरलं. सरकारसुद्धा बायकांनाच सामील.)

तरी हातपाय गाळू नका. ती पेजेला आधण ठेवत असताना कागद पुढे सरकवा, “बँकेचं आहे, इथे सही कर” म्हणा. एवढ्या वर्षांत तिने एकदाही वाचून सही केली नसेल, तर आजच कशाला वाचेल? मुखत्यारपत्र हवं असेल तर “वीजमीटर बदलायचाय” म्हणून तिला नोटरीकडे न्या. तिथे तिला चष्मा सापडणार नाही, याची काळजी तेवढी घ्या. आणि सौदा ठरल्यावर घेणाऱ्याच्या वकिलाने “निम्म्या रकमेचा चेक बाईंच्या नावे काढू ना?” असं विचारलंच, तर दचकू नका, ती माहेरी गेलीय म्हणा, आणि माहेरचा नंबर विसरा.